खिडकीजवळच्या मशीनची माणसं

देर अल-बलाहच्या डायलिसिस वॉर्डात नजाह सिस्टरचा दरारा मोठा. युद्धामुळे उत्तरेकडून माणसांचे लोंढे आले, रुग्ण दुप्पट झाले आणि मशीनं उलट कमी झाली, कारण बिघडलेल्यांचे सुटे भाग वेढ्यातून कुणी आत येऊच देईना. चार तासांचं डायलिसिस दोनावर आलं. तेवढ्यात अंगातलं सगळं पाणी निघत नाही, आणि माणूस आडवा झाला की जीव गुदमरतो. तरी नजाह कुणाला एक मिनिट जास्त देत नसे.

सगळ्यात जास्त कटकट अबू खमीसची. म्हातारा कोळी, फाटक्या तोंडाचा.

"एवढ्यात काढतेस? तुझ्या घड्याळाला सासरी जायची घाई झालीय का?"

"काका, गप पडा. तुमच्या आवाजानं मशीन बंद पडेल."

अशात रीताज आली. सतरा वर्षांची पोर, बापानं गाढवगाडीवर घालून आणलेली, तोंड सुजून डोळे मिटलेले. कुठल्याच मशीनवर जागा नव्हती. नजाहनं तिला खिडकीजवळच्या मशीनवर एक तास दिला. कुठून दिला, हे तेव्हा कुणी विचारलंच नाही. त्याच मशीनवर नजाहच्या नवऱ्याची, जवादची पाळी असायची. त्याच्यातला अर्धा वेळ तिनं पोरीला दिला होता. तिनं आधी त्याला विचारलं, तर तो म्हणाला, "दे. पोरगी आहे." झालं, एवढंच बोलणं. अहो, असली माणसं जवळ राहतात आणि आपल्याला पत्ता नसतो!

जवादचे पाय सुजले, चपला चढेनात. तो बसूनच झोपायला लागला. अबू खमीसनं त्याला खोदून खोदून विचारलं आणि खरं काय ते काढून घेतलं.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर खिडकीजवळच्या मशीनची, त्यावर पाळीपाळीनं झोपणारी माणसं नजाहच्या तंबूशी येऊन उभी राहिली. पुढे अबू खमीस, मागे चौघं, सगळे धुतलेल्या कपड्यांत. हे भांडायला आले, असंच तिला वाटलं. पाहुणे म्हटल्यावर कॉफी आलीच. खरी कॉफी आता मिळते कुठे, भाजलेल्या चण्यांची होती. तिनं कप भरले. पाचही जणांनी बसून ते घेतले आणि चटईवर ठेवून दिले.

नजाहचा चेहराच उतरला. त्यांच्याकडे मुलगी मागायला, नाहीतर खुनाचं वैर मिटवायला आलेले वडीलधारे असा कप ठेवतात. मागणं मान्य झाल्याशिवाय त्याला तोंड लावत नाहीत. आणि न पिता पाहुणे उठून गेले, तर त्या घरानं मान वर कशी करायची?

"जवादचा तास त्याला परत दे," अबू खमीस म्हणाला.

"आणि रीताजला उठवू?"

"तिला कोण हात लावतंय? आम्ही पाचजण आपापल्यातून थोडा थोडा काढून देतो."

"वेड लागलंय का तुम्हाला? काका, तुम्हाला दोन वाक्यं बोलताना धाप लागतेय! नाही म्हणजे नाही."

"बरं," म्हातारा म्हणाला आणि तिथेच ठाण मांडून राहिला.

मूत्रपिंडं निकामी झालेल्या या माणसांना दिवसाला पाणी मोजूनच प्यायचं असतं. जीभ टाळूला चिकटलेली असते, झोपेतही पाणी दिसतं. त्यांच्या गुडघ्यापाशी कॉफीची वाफ निघत होती आणि एकाचाही हात हलला नाही. काय म्हणावं या लोकांना! देवानं कुठली माती वापरली असेल!

"सिस्टर, निवतेय ती," एकजण हळूच म्हणाला.

नजाहनं तंबूत कोपऱ्यात बसलेल्या जवादकडे पाहिलं. तो मान खाली घालून रडत होता. मग तीही रडली. वॉर्डात इतके मेले, तरी जिच्या डोळ्यांत कुणी पाणी पाहिलं नव्हतं ती, सगळ्यांसमोर, हमसून हमसून.

"दिला शब्द," ती म्हणाली. "प्या आता. पण एकेकच घोट हं!"

दुसऱ्या दिवशी अबू खमीस मशीनवर होता. त्याची धाप अजून बसली नव्हती, ओठ काळसर होते. पूर्वी मिनिटामिनिटासाठी भांडणाऱ्या त्या माणसानं घड्याळ पाहिलं आणि वेळेआधीच हात पुढे केला.

"काढ सुई, पोरी."

"थोडं थांबा ना, काका."

"शब्द दिलायस."

दारात जवाद उभा होता. नजाहनं म्हाताऱ्याचा हात हातात घेतला, आणि सुई काढली.