शिसं कुठवर आलं?

माझी धाकटी जाऊ कधी भांडत नाही. हीच तिची वाईट खोड. भांडली असती तर एखाद्या वेळी मीही जिंकले असते.

आमचे सासरे मागच्या अंगणात जुन्या बॅटऱ्या फोडायचे. त्यातलं शिसं मातीत मुरलं आणि पुढे माझ्या मुलीच्या रक्तात सापडलं. डॉक्टरांनी तिचं अंगण बंद केलं, झोपाळा नुसता लटकत राहिला. माती खणून फेका म्हणून मी वर्षभर कानीकपाळी ओरडले. कुणी हूं की चूं केलं नाही. मग ही लग्न होऊन आली. दूषित माती साफ करण्याचीच हिची नोकरी. "वीज लावून बघू या?" एवढंच म्हणाली, आणि अख्खं घर हिच्या मागे कुदळी घेऊन धावलं!

झोपाळ्याशी एक आणि भिंतीशी एक, अशा तिने काळ्या कांड्यांच्या दोन रांगा रोवल्या. माती ओली ठेवून वीज सोडली की शिसं मुंगीच्या पावलांनी भिंतीकडे सरकतं. तिथलं पाणी ती उपसून कॅनमध्ये भरायची. संध्याकाळी माझी लेक पायरीवर तिच्याकडून वेणी घालून घ्यायची आणि विचारायची, "काकू, शिसं कुठवर आलं?" माझ्या हातची वेणी मात्र तिला टोचायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एका दुपारी घरी कुणी नव्हतं. मी बटण बंद केलं, विजेच्या पेटीमागच्या दोन वायरींची अदलाबदल केली, वर टेप गुंडाळली आणि बटण पुन्हा चालू केलं. इस्त्रीची वायर मीच दुरुस्त करते, हे काय अवघड! धाकटीची जरा फजिती व्हावी, बाकी काही मनात नव्हतं.

तीन आठवड्यांनी मातीची तपासणी झाली. शिसं उलटं फिरून झोपाळ्याखाली आलं होतं. माझ्या पायाखालची जमीनच सरकली.

धाकटीने पेटीमागे वाकून पाहिलं. वायरींवर निळी टेप होती. तीच टेप इस्त्रीलाही आहे. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग जेवताना सगळ्यांसमोर म्हणाली, "माझ्याच हातून वायरी उलट्या लागल्या. अजून दोन महिने लागतील."

माझी लेक तिच्या गळ्यात पडली. "असू दे काकू, मी थांबेन."

ती माफी माझ्या वाट्याची होती. तीसुद्धा धाकटीनेच नेली.