सोलार बसवा, पण भोक पाडू नका

सोलारवाला एक येतो आणि किस्से तीन ठेवून जातो. वर्षभरात आमच्या गल्लीत इतके येऊन गेले, की आता संध्याकाळी ओट्यावर दुसरा विषयच निघत नाही. ऐकणाऱ्याला हसू येतं. मला राग येतो.

ओट्यावर आम्ही चौघं. निलंग्याच्या एसटी स्टँडमागची गल्ली. बसप्पा, त्याचं भुसार दुकान आहे. शेषेराव, एसटीचा रिटायर ड्रायव्हर. दामोदर गुरुजी, शाळेतून रिटायर. आणि मी गवंडी. मला सगळे मिस्त्री म्हणतात. शाळा चौथीपर्यंत. पण या गल्लीतले निम्मे स्लॅब माझ्या हातचे आहेत. माझ्या घरचा तर मी उन्हात उभं राहून एका दिवसात ओतला. त्याला एकतीस वर्षं झाली. आजवर एक थेंब खाली आला नाही.

माझ्या बायकोला, गयाबाईला, उन्हाळा सोसत नाही. दिवसभर कूलर लागतो. म्हणून सोलार घ्यायचं ठरवलं. अट एकच घातली. सोलार बसवा, पण माझ्या स्लॅबला भोक पाडू नका.

एवढी साधी अट. ती समजणारा माणूस भेटायला वर्ष गेलं!

*

गल्लीत पहिलं सोलार बसप्पाचं. आमच्याकडे किलोवॉट कुणी म्हणत नाही. 'तीन किलोचं सोलार', 'पाच किलोचं सोलार' असंच म्हणतात. बसप्पाने तीन किलोचं सांगितलं. टेम्पोतून सहा पॅनेल उतरले. बसप्पा पडला भुसारवाला. तोलल्याशिवाय माल आत घेत नाही. त्याने एक पॅनेल दुकानातल्या काट्यावर चढवलं. अठ्ठावीस किलो!

"हे काय हो? मी तीन किलोचं सांगितलं होतं. हे एकटंच अठ्ठावीस भरून राहिलंय!"

माल घेऊन लातूरचा सेल्समन आला होता. शर्ट इन केलेला, गळ्यात कार्ड. तोलायचा किलो वेगळा आणि विजेचा वेगळा, एवढं त्याने सांगायला पाहिजे होतं. दोन मिनिटांचं काम. तो म्हणाला, "मालक, तुम्ही घरचे माणूस. जास्त दिलंय म्हणून समजा!"

बसप्पाने खूश होऊन त्याला चहा पाजला. तो निर्लज्ज दोन कप प्यायला!

*

त्याच सेल्समनचा पुढचा पराक्रम ऐका.

पॅनेलचं तोंड दक्षिणेला लागतं. हे सांगायला इंजिनियर नको. थंडीत ऊन कुठून येतं ते ज्याने जन्म बांधकामावर काढला त्याला कळतं. पण बसप्पाची बायको मध्ये पडली. "दक्षिण म्हंजे यमाची दिशा. घराच्या डोक्यावर सहा तोंडं यमाकडं? मला चालायचं न्हाई!"

सेल्समनने क्षणभर विचार केला नाही. "होतंय की वैनी! ईशान्येला करून देतो. शुभ असतं."

करून दिलं. थंडी आली. सूर्य दक्षिणेकडून चालला आणि सहाही पॅनेल त्याच्याकडे पाठ करून बसले. बसप्पाने फोन लावला. "वीज लई कमी येऊन राहिली हो."

"तिकडं ढगाळ असेल मालक."

आभाळात कापसाएवढा ढग नव्हता.

गुरुजी म्हणाले, "बसप्पा, एक गोष्ट कबूल कर. यम काही आला नाही. पण वीजही आली नाही!"

सगळे हसले. मी हसलो नाही. बायको चुकत होती, तिला माहीत नव्हतं. याला माहीत होतं! चुकीच्या जागी खांब मागणाऱ्या घरमालकाचं काम मी अर्ध्यावर सोडून आलेलो आहे. गिऱ्हाइकाला नाही म्हणता येत नसेल तर माणसाने भजी विकावीत.

*

माझ्याकडे पहिला आला तो नांदेडचा. मी पुढच्या दारात फोनवर बोलत होतो. हा बूट घालून सरळ गच्चीवर. मला वाटलं, जागा बघत असेल. तेवढ्यात वरून आवाज आला. घर्रर्र!

मी या वयात दोन-दोन पायऱ्या चढलो. बघतो तर ड्रिल मशीनचं टोक माझ्या स्लॅबला टेकलेलं!

"कुणाला विचारून रे?"

"काका, फक्त बारा होल. आत केमिकल भरतो. लिकेजचा प्रश्नच येत नाही."

"तुझ्या घरच्या स्लॅबला किती पाडलीस?"

"आमचं पत्र्याचं घर हाय काका."

"मग उतर खाली!"

उतरताना म्हणतो कसा, "काका, आजकाल सगळेच पाडून घेतात."

"म्हणूनच सगळ्यांचे गळतात!"

नखाएवढा खड्डा पडला होता. दुपारचं जेवण न जेवता मी तो सिमेंटने भरून टाकला.

*

त्यानंतरचा जरा शिकलेला होता. बूट खाली काढले. रंगीत पुस्तक उघडून बसला. "काका, आमच्या पॅनेलला पंचवीस वर्षांची वॉरंटी आहे."

मी म्हणालो, "मला आता पंचाहत्तरावं चालू आहे. शंभरीला येशील का बघायला?"

"येणारच काका! कंपनीचा शब्द आहे."

"कंपनी कधीची?"

"दिवाळीला दोन वर्षं होतील."

"आणि त्याआधी काय करत होतास?"

"पाणी शुद्ध करायच्या मशिनी विकत होतो."

"त्याला वॉरंटी किती दिली होती?"

"दहा वर्षं."

"दोन वर्षं झाली. आठ उरली. ती कोण बघतं आता?"

त्याने पुस्तक मिटलं. "काका, तो नंबर आता बंद आहे."

*

एक तर आलीच नाही! पुण्याहून फोनवर बोलणारी मुलगी. आवाज गोड. "सर, तुम्हाला घरी कुणी यायची गरज नाही. आम्ही सॅटेलाइटवरून तुमचं छत बघितलं आहे."

मी म्हणालो, "मला न विचारता?"

"ती फ्री सर्व्हिस आहे सर. तुमचं छत लाल कौलांचं आहे ना? कौलांवर वेगळा स्टँड लागतो. त्याचा चार्ज जास्त पडेल."

"माझ्या घरावर कौल न्हाई. स्लॅब हाय."

"सर, आम्हाला क्लिअर दिसतंय. पूर्ण लाल आहे."

मी मनात म्हणालो, दिसत असेल. माझं घर मी बांधलं, पण बघितलं त्यांनी! तरी एकदा गयाबाईला विचारलं. गच्चीवर लाल काय आहे?

गयाबाई म्हणाली, "उन्हाळ्यात मिरच्या वाळत घालते ते. आणखी काय असणार?"

मी फोनवर सांगितलं. "बाई, ती मिरची हाय!"

मुलगी म्हणाली, "ओके सर. पण सिस्टिममध्ये कौल आलंय. आता ते बदलता येणार नाही."

*

आता गुरुजींचं. हे सांगू नका म्हणाले होते. सांगतो.

गुरुजींनी चार कंपन्यांचे कागद मागवले. पट्टीने रेघा मारून तक्ता केला. कुणाचं पॅनेल किती वॉटचं, किती टक्के उन्हाची वीज करतं, काळं का निळं, सगळं लिहिलं. आम्हाला ओट्यावर वाचून दाखवलं. मला म्हणाले, "मिस्त्री, हे वाचूनच घ्यायचं काम आहे. नुसतं हाताने चाचपून कळत नाही."

पाचशे चाळीस वॉटचे पॅनेल घ्यायचं ठरलं. माल आला. मी उभं करून ठेवलेल्या पॅनेलकडे बघितलं. मागे इंग्रजीत स्टिकर. इंग्रजी मला येत नाही. आकडे येतात. नकाशे वाचण्यात जन्म गेला. लांबी लिहिली होती दोन हजार दोनशे अठ्ठ्याहत्तर मिलीमीटर. म्हणजे जवळजवळ साडेसात फूट.

मी खिशातली टेप काढली. साडेसहा फुटालाही एक इंच कमी!

स्टिकरचा कोपरा नखाने उचलला. खाली दुसरा स्टिकर. त्यावर तीनशे पस्तीस वॉट.

माल आणणाऱ्याला विचारलं, "हे फूटभर कुठं गेलं?"

तो म्हणाला, "काका, काच असते ना. थंडीने आकसते."

एप्रिल महिना होता! अंगातला सदरा भिजून चिंब!

गुरुजींनी माल परत पाठवला. तक्ता घडी करून आत नेला. दुसऱ्या दिवशी मला हळूच विचारलं, "मिस्त्री, ती टेप कुठं मिळते?"

*

शेषेरावचं सोलार मात्र नीट होतं. तोंड दक्षिणेला, माप बरोबर. त्याला फार मिरवायचं होतं. मे महिन्यात भर दुपारी त्याने आम्हाला घरी बोलावलं. "बसा पंख्याखाली. फुकटचा वारा खा!"

आम्ही बसलो. पाच मिनिटांत गल्लीची लाईट गेली. पंखा थांबला.

शेषेराव म्हणाला, "थांबा, आता आपलं चालू होतंय."

थांबलो. बाहेर ऊन असं की डोळे उघडेनात. डोक्यावर सहा पॅनेल. खाली चार म्हातारे वर्तमानपत्राने वारा घेऊन राहिले!

शेषेरावने सोलारवाल्याला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "काका, लाईट गेली की हे पण बंद होतं. न्हाई तर तुमची वीज तारेत जाईल. खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसंल."

कारण बरोबर आहे. कुणाचा जीव जाता कामा नये. पण विकताना हे सांगायला काय तोंडात गुटखा होता?

शेषेरावने तेच विचारलं. तो म्हणाला, "तुम्ही विचारलंच न्हाई काका!"

मग शेषेराव तापला. "अरे, जन्मभर एसटी चालवली मी. गाडी बंद पडली तर पॅसेंजर खाली उतरून ढकलायचे. हे कुठून ढकलायचं तेवढं सांग!"

*

एवढं झाल्यावर मी सोलारचा नाद सोडला होता. सोलारवाल्यांनीही माझा सोडला होता. 'मिस्त्रीच्या घरी जाऊ नका, म्हातारा वंगाळ हाय,' असं त्यांच्यात पसरलं होतं.

तरी एक बाई आली. मूळची मुदखेडची, काम लातूरला. वय तीस-बत्तीस. आयटीआय केलेली. एसटीतून उतरून खांद्याला पिशवी लावून चालत आली. नाव सुषमा. तिघं मित्र तमाशा बघायला आधीच गच्चीवर येऊन बसले होते.

तिने जिन्याखाली चपला काढल्या. बिल किती येतं विचारलं नाही. पुस्तक काढलं नाही. गच्चीवर गेली, चारी बाजूंनी फिरली आणि म्हणाली, "मावशी, पाणी मिळंल का?"

गयाबाईने तांब्या आणला.

"प्यायला न्हाई मावशी. बादलीभर पाहिजे."

बादली आली. तिने ती माझ्या स्लॅबवर उंच बाजूने ओतून दिली!

मी म्हणालो, "हे काय करून राहिलीस?"

"स्लॅब बघून राहिले मामा. भोक पाडायचं नसतं मला. सिमेंटचे ठोकळे ठेवायचे, त्यावर स्टँड. पण ठोकळा पाण्यात उभा राहायला नको. म्हणून पाणी कुठून जातं ते आधी बघते."

मी अजून अट सांगितलीच नव्हती. तिने आपणहून सांगितली. मला बरं वाटलं. तसं दाखवलं नाही.

"त्यात बघायचं काय? उतार मी काढलाय. एकतीस वर्षं सगळं पाणी पायपाला जातं."

पाणी पायपाला गेलं. सरळ गेलं, घाई न करता, जसं जायला पाहिजे तसं. बसप्पा म्हणाला, "वा मिस्त्री!"

सुषमा कठड्याच्या कोपऱ्यात उकिडवी बसली होती. तिथे ताटाएवढं पाणी थांबलं होतं.

"मामा, हितं उतार दोन सूत कमी पडलाय."

"न्हाई. धूळ असंल."

तिने पदराने कोपरा पुसला आणि ओंजळभर पाणी परत सोडलं. आम्ही वाट बघितली. पाणी हललं नाही.

दोन सूत म्हणजे पाव इंच. पण माझ्या स्लॅबवर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. गुरुजी आभाळाकडे बघायला लागले. शेषेराव खोकला. बसप्पाने चप्पल शोधायला सुरुवात केली.

गयाबाई रिकामा तांब्या घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभी होती. ती म्हणाली, "तो कोपरा व्हय? तिथं तर पहिल्या पावसापासून चिमण्या आंघोळ करून राहिल्यात!"

"मग मला कधी बोलली न्हाईस?"

"चिमण्यांची सोय का मोडू?"

काम मी सुषमाला दिलं. त्या कोपऱ्यात ठोकळा ठेवायचा नाही म्हणून सांगितलं.