भाऊजी आणि केसाळ सोनी

या भूतलावर ज्याच्याशी ओळख काढता येणार नाही असा जीव अजून जन्माला यायचा आहे, अशी माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांची, म्हणजे आमच्या भाऊजींची, ठाम समजूत. देवळीहून वर्धा ते असं कितीसं दूर! पण तेवढ्या बसप्रवासात शेजारच्याचं गाव, त्याची गुडघेदुखी आणि त्याच्या मुलीचं जुळत आलेलं लग्न, असं सगळं त्यांनी काढून घेतलेलं असतं. एकदा केळझरच्या गणपतीला गेलो. आमचं दर्शन झालं, आणि भाऊजी बाहेर चपला सांभाळणाऱ्या बाईशी तिच्या सासूबद्दल बोलत बसलेले. वर म्हणतात, "गणपती तं मले ओळखतेच. हे बाई नवीन हाये." अशा माणसाच्या घरी टॅरंटुला आली, म्हणजे तळहाताएवढी, केसाळ, परदेशी कोळ्याची मादी. तिनं आपल्याला ओळखलंच पाहिजे, असं त्यांच्या मनानं घेतलं.

भाऊजींचं देवळीत कृषी केंद्र आहे. दिवसभर बोंडअळी, मावा, तुडतुडे मारायची औषधं विकायची आणि संध्याकाळी घरी येऊन, दोनदा साबणानं हात धुऊन, या आठ पायांच्या बाईसाहेबांची सरबराई करायची. नागपूरचा त्यांचा एक शौकीन मित्र परदेशी निघाला, त्यानं काचेच्या पेटीसकट, कागदपत्रांसकट ती यांच्या गळ्यात घातली. भाऊजींनी नाव ठेवलं सोनी. तिच्यासाठी नाकतोडे लागत, आणि तेही बिनफवारणीच्या बांधावरचे. कुणी शेतकरी "भाऊ, कोणतं औषध मारू?" म्हणून आला, की हे आधी विचारत, "अजून काही मारलं तं नाई ना?" आणि पिशवी घेऊन त्याच्या बांधावर हजर! औषध घ्यायला आलेला माणूस चक्रावून जाई.

सोनी काही कुणाला चावली नाही. तिची तऱ्हा वेगळीच. झाकण उघडलं की ती पाठमोरी व्हायची आणि मागच्या पायांनी आपलं फुगीर पोट खसाखसा घासायची. भाऊजी खूश! "पाह्य व, मले पाहून नाचून राह्यली!" नाच कसला, माझं कपाळ! पोटावरचे बारीक, काटेरी केस ती हवेत उडवत होती. डोळ्यांना काही दिसायचं नाही, पण घटकाभरात भाऊजींच्या हातांवर, मानेवर लाल चट्टे. खोबरेल झालं, कोरफड झाली. शेवटी ताईनं कणकेचा गोळा त्यांच्या हातावरून फिरवला, तेव्हा कुठे केस चिकटून निघाले. या शोधाचा तिला इतका आनंद झाला, की सवयीनं तिनं तो गोळा परत परातीतच टाकला. जेवताना भाऊजी म्हणाले, "आज पोळी जिभेले झोंबून राह्यली." पुढचे दोन दिवस ते घर ताकावर होतं.

त्यानंतर ताईच्या धाकानं भाऊजी दुकानातला फवारणीचा चष्मा, मास्क आणि लांब हातमोजे चढवून पेटी उघडू लागले. रस्त्यानं जाणारे थबकून विचारत, "घरातच फवारा मारून राह्यले का भाऊ?" मीही एकदा म्हटलं, "भाऊजी, एवढं चिलखत घालून भेटायले गेले, तं ते तुमाले ओळखन तरी कशी?" चेष्टाच होती हो ती, दुसरं काही नाही. पण या भल्या माणसानं ती मनावर घेतली. दुसऱ्याच दिवशी चष्मा काढून ते पेटीत डोकावले, आणि केस थेट उजव्या डोळ्यात.

वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी यंत्राखाली एकेक केस काढला. म्हणाल्या, "नशीब समजा. आणखी खोल गेले असते तर नजरेला धोका होता." ताईकडे बघायची माझी हिंमत होईना. आणि भाऊजी? पट्टी बांधलेल्या डोळ्याचं त्यांना काही नव्हतं. ते विचारत होते, "पण ते केस उडवते काऊन, डॉक्टरबाई?"

"असे कोळी घाबरले की उडवतात. जीव वाचवायला."

घरी येईपर्यंत भाऊजी बसमध्ये कुणाशी एक शब्द बोलले नाहीत. आले ते थेट पेटीपाशी, पण या खेपेला चार हात लांब उभे राहिले. सोनीच्या पोटावर टिकलीएवढं टक्कल पडलं होतं. ते आम्हाला कुणालाच कधी दिसलं नव्हतं. "वर्षभर मले वाटे, ओळख वाढून राह्यली," ते म्हणाले. "अन् हे बिचारी माह्याले भेऊन राह्यली होती." त्यांचा चेहरा बघवेना. मला रडूच आलं.

पेटी मग आतल्या शांत खोलीत गेली. चष्मा लावून, लांब चिमट्यानं नाकतोडा आत सोडायचा, पाणी ठेवायचं आणि निघून यायचं, एवढाच भाऊजींचा तिच्याशी व्यवहार उरला. काही महिन्यांनी सोनीनं कात टाकली. मी गेले तेव्हा त्यांनी मला दारातूनच ती दाखवली. पोट गच्च काळ्या केसांनी भरलेलं, टकलाचा मागमूस नाही.

"आता मी जवळून गेलो तरी पाय हालवत नाई," भाऊजी म्हणाले. "ओळखतच नाई ते मले. चांगलं हाये ना व?"

मी हो म्हटलं.