मामीने खाल्लेलं संशोधन

आमच्या मामीच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू आहेत: माणसाला खाता येतात त्या, आणि खाता येतात की नाही हे अजून तपासायचं राहिलंय त्या. नव्या माणसाची ओळख करून दिली की ती नावगाव नंतर विचारते, आधी विचारते, "तुमच्याकडे पावसाळ्यात कसली कसली भाजी करतात?" माझ्या लग्नाच्या बोलणीत तिने माझ्या होणाऱ्या सासूबाईंना हाच प्रश्न घातला आणि पुढचा पाऊण तास त्या दोघी कुड्याच्या शेंगांवर बोलत बसल्या. मुलगा काय करतो, हे विचारायचं राहूनच गेलं. तेव्हा मी काहीच करत नव्हतो, त्यामुळे मामीचे माझ्यावर फार उपकार आहेत.

मामी वनस्पतिशास्त्रातली डॉक्टर. जुनी भातं, रानभाज्या आणि औषधी झाडं यांच्यावर तिने एका संशोधन केंद्रात उभी नोकरी काढली. गोव्यात, सर्वणच्या तिच्या घरी फ्रीज उघडायला पाहुणे घाबरतात. आईस्क्रीमच्या डब्यात आईस्क्रीम नसतं, लोणच्याच्या बरणीत लोणचं नसतं. सगळीकडे बिया, आणि प्रत्येकीवर बारीक अक्षरातली चिठी: काय, कुठलं, कोणी दिलं. मामा बँकेतून निवृत्त झाला तेव्हा निरोपाच्या शालीवरही तिने अशी चिठी डकवली होती, असं तो सांगतो. मामाचं सगळंच खरं धरायचं नसतं.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात तिला एकटीला सोडायची सोय नाही. रानभाजी विकणाऱ्या बायकांकडे ती गिऱ्हाईक म्हणून जाते आणि दहा मिनिटांत टोपलीच्या पलीकडे, गोणपाटावर बसलेली सापडते. एकदा बाई चहाला गेली म्हणून मामीच तायकिळ्याच्या जुड्या विकत बसली होती, आणि त्या विकत घ्यायला नेमके माझ्या ऑफिसातले साहेब आले. "ही पानं कोवळी नाहीत, घेऊ नका," असं सांगून तिने त्यांना परत पाठवलं. मालकीण परत आल्यावर काय झालं, ते बघायला मी थांबलो नाही.

झाडपाल्याची शास्त्रज्ञ म्हटल्यावर गावाने तिला वैदू ठरवलं, याचा मात्र तिला भयंकर राग. शेजारचे एक काका साखर वाढली म्हणून पाला मागायला आले. "डॉक्टराच्यो गुळयो घेतात मरे?" मामीने विचारलं. "सोडल्यो," काका म्हणाले. त्यानंतर तिने त्यांना असं काही झापलं, की ते थेट दवाखान्याच्या वाटेला लागले. पण पायरी उतरायच्या आत तिने त्यांना हाक मारलीच, "आनी आयकात, हो पालो तुमकां कोणें सांगलो? खंय मेळटा?" जुन्या माणसांच्या औषधाला ती मान देते, फक्त परीक्षेला बसवल्याशिवाय पास करत नाही.

अशा या मामीच्या हातून आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक झाली, आणि ती खायला मी पंगतीला होतो.

पेडण्याकडे नदीकाठच्या खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतात, एक म्हातारा आपल्या आजापासूनचं तांबडं भात पेरत असे. खारट चिखलात उभं राहणारं, कोरगुट नावाच्या खाजनातल्या जुन्या भाताचंच भाऊबंद, पण दाणा जरा बारीक. दुसऱ्या कोणाकडे ते उरलं नव्हतं. म्हाताऱ्याचे गुडघे गेले, त्या वर्षी शेत पडीक ठेवायचं ठरलं, तेव्हा त्याने होतं नव्हतं ते सगळं बियाणं पत्र्याच्या डब्यात भरून मामीला दिलं. "सांबाळ गो बाय," एवढंच म्हणाला. बियाणं कधीही एका जागी ठेवायचं नाही, हा मामीचा नियम. पण दुसऱ्या दिवशी तिला परिषदेसाठी बंगळूरला जायचं होतं. आल्यावर वाटणी करू म्हणून तिने डबा स्वयंपाकघरात ठेवला आणि गडबडीत, जन्मात पहिल्यांदा, चिठी लावायची विसरली.

ती परतली त्या दुपारी मी सर्वणला जेवायला होतो. मामाने मोठ्या प्रेमाने पेज वाढली. मामीने पहिला घोट घेतला आणि ती थांबली.

"ही पेज खंयच्या तांदळाची?"

"तुज्या डब्यातलें भात," मामा खुशीत म्हणाला. "उकडलें, सुकयलें, गिरणीर व्हरून कांडून हाडलें. म्हटलें, तूं दमून येतली, तुका तितलोच आदार."

उकडलेलं भात उगवत नाही, हे मलासुद्धा कळतं. माझा हात ताटातच राहिला. मामाचा चेहरा हळूहळू उतरत गेला.  मामीने वाटीतली पेज संपवली, हात धुतला, वही उघडली आणि लिहिलं: 'चव उत्तम. उगवण शून्य.' खाली आणखी एक ओळ लिहिली: 'चूक माझी.' मामाला ती एका शब्दाने बोलली नाही, आणि मामाला तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला गाडीने पेडण्याला नेलं. वाटेत म्हटलं, एवढ्यात सांगायलाच हवं का? ती म्हणाली, "त्यांचं होतं ते. हरवलं तर आधी त्यांना कळायला नको?" म्हाताऱ्याने ऐकून घेतलं आणि जनेलातून बाहेर बघत राहिला. मामी खाली मान घालून बसली होती. मोठमोठ्या साहेबांना गप्प करणारी ही बाई, तिला असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

त्याची म्हातारी बायको मात्र उठून दाराकडे गेली. आमच्याकडे नव्याच्या सणाला नवीन भाताची कणसं आंब्याच्या पानांसकट दारावर बांधतात, आणि पुढचं नवं येईपर्यंत ती काढत नाहीत. काढली तर घराची लक्ष्मी जाते म्हणतात. त्यांच्या गावात नवं उशिरा, आश्विनात, भात पिकल्यावर होतं. चिमण्यांनी अर्धी खाल्लेली, धुराने काळवंडलेली ती जुडी म्हातारीने स्टुलावर चढून सोडवली.

"अगो, नव्या आदीं दार रितें करतय?" म्हातारा दचकून म्हणाला.

"रितें रवांदी," ती म्हणाली, आणि जुडी मामीच्या ओटीत घातली. "दारार सुकून कोणाचें पोट भरतलें?"

त्या कणसांतले चांगले दाणे एका मुठीतही भरले नसते. त्यातले थोडेच उगवले. मामाने वर्तमानपत्र सोडून दिलं आणि दिवसभर कुंड्यांपाशी काठी घेऊन चिमण्या हाकत बसू लागला. मुठीचा शेर झाला, शेराचा कुडव झाला, आणि तिसऱ्या पावसाळ्यात ते भात म्हाताऱ्याच्याच खाजनात परत उभं राहिलं. त्या वर्षी बांध फुटून खारं पाणी आत आलं. आजूबाजूचं भात पिवळं पडून बसलं. हे उभं राहिलं. म्हातारा रिक्षाने बांधावर आला, एक दाणा दातांखाली फोडून म्हणाला, "हांऽ. ताच हां." मामीचा मला तेव्हा इतका अभिमान वाटला, की मी शेजारी उभ्या असलेल्या रिक्षावाल्याला उगाचच सांगितलं, "माझी मामी."

पुढे म्हातारा गेला. त्यानंतर वाणाची सरकारदरबारी नोंद झाली. वाण कोणी राखलं, या रकान्यात मामी स्वतःचं नाव घालील असं तिच्या केंद्रात सगळ्यांना वाटलं होतं. कागद घेऊन ती पेडण्याला गेली तेव्हाही गाडी मीच चालवली. म्हातारीला वाचता येत नव्हतं.

"ह्यात तेंचा नाव आसा?" तिने विचारलं. नवऱ्याचं नाव तिने सगळ्या जन्मात कधी घेतलं नव्हतं.

"आसा. पयलें तुजें, मागीर तेंचें," मामी म्हणाली आणि दोन्ही नावं वाचून दाखवली.

"परत वाच गो."

मामीने परत वाचलं. म्हातारीने कागदावर बोट ठेवलं, आणि दोन्ही नावं, एकामागून एक, हळू आवाजात स्वतः म्हणून बघितली.