दोन बॅटऱ्यांमधली वायर

माझा हात आधी चालतो, तोंड मागनं. माहेरात हे सगळ्यांना ठाऊक हाय. त्या दिवशी मी माझ्या दोन्ही भावांना लोखंडी टॉमीनं हाणलं, आणि मला त्याचं काडीचंबी वाईट वाटत न्हाय, हे आधीच सांगून ठेवते.

आमचे आप्पा निपाणीत तंबाखूच्या वखारीत राबले. वखारीचा टेम्पो चालवायचा, बोदं म्हंजे तंबाखूचे गठ्ठे उतरायचे आणि त्या धुळीचा खकाणा नाकातोंडात घ्यायचा, ह्यात जन्म गेला. शेवटी छातीच गेली. नाकात नळी आणि शेजारी ऑक्सिजनचं मशीन, असं त्यांचं सुरू झालं. मशीन चालतं विजेवर. आमचं घर गावाबाहेर, उसातल्या पाणंदीच्या टोकाला. पावसात लाईट गेली की दिवस दिवस येत न्हाय, आणि त्या चिखलात ॲम्ब्युलन्सवाला चाक घालत न्हाय. मी शाळेतली नोकरी सांभाळून आप्पांचं बघायला तिथंच राहत होते.

त्या चिखलातनं निघंल अशी एकच गाडी होती, धाकट्या भावाची जीप. जुनी डिझेल, चारी चाकं ओढणारी. रविवारी डोंगराकडं जायचं, असल्याच चार खुळ्यांबरोबर गाडी चिखलात घालायची आणि बाहेर काढायची, हा त्याचा नाद. तोच एक दिवस म्हणाला, "आक्का, जीपमध्ये दुसरी बॅटरी बसवतो. लाईट गेली की आप्पांना जीपमध्ये बसवायचं. मशीन त्या बॅटरीवर चालंल."

त्यानं अंगणातच काम काढलं. मागच्या सीटच्या बाजूला लोखंडी ट्रे ठोकला, त्यात मोठी बॅटरी आवळली, बोटाएवढी जाड वायर पुढं बॉनेटपर्यंत नेली, दोन्ही टोकांना फ्यूज घातले, आणि बॅटरीवर मशीन चालावं म्हणून इन्व्हर्टर जोडला. मधे बसवला आयसोलेटर, काळी डबी. मला समजावून सांगितलं, "इंजन चालू असलं की दोन्ही बॅटऱ्या भरत्यात. इंजन बंद झालं की ही डबी त्यांना तोडती. मशीननं मागची पिऊन संपवली तरी पुढची भरलेली ऱ्हाती, गाडी स्टार्ट व्हती."

मोठा भाऊ, आमचा अण्णा, शेती बघतो. जीपच्या मागं तो खताची पोती टाकायचा, आता तिथं ट्रे आला. त्याला विचारलं न्हाय, ते दुखणं येगळंच. कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "दोन बॅटऱ्या घातल्यास आणि मधे आडकाठी घातलीस व्हय रं? एका बैलानं कधी मोट वढलीया? जोडी लावली तर ताकद दुप्पट."

"अण्णा, तुला ह्यातलं काय कळत न्हाय. सुम्म बस, गप."

झालं. अण्णानं त्याची कॉलर धरली. धाकट्यानं हातातली पक्कड त्याच्या मनगटावर मारली. एकमेकांना ओढत दोघं हौदावर आदळले, अण्णाचं कोपर फुटलं. आप्पा आतनं ओरडायला गेले आणि खोकून खोकून काळेनिळे झाले, तेव्हा कुठं सुटले. ह्यांची भांडणं अशीच. लहानपणी एका भाकरीवरनं दात पाडलेत एकमेकांचे.

मग आला तो दिवस. पहाटेच झाड तारेवर पडलं, लाईट गेली. आप्पांना पाठुंगळी घेऊन जीपमध्ये पुढं बसवलं, मशीन मागच्या बॅटरीला लावलं. इंजन बंद, मशीन घुरघुरतंय, आप्पा निवांत. धाकटा म्हणाला, इन्व्हर्टर पीप पीप करायला लागला की मी गाडी चालू करीन आणि तडक दवाखान्यात जाऊ. आमी बिनघोर चहा पीत बसलो.

पीप पीप सुरू झालं. धाकट्यानं किल्ली फिरवली. टक. परत फिरवली. टक.

"पुढची भरलेली असणार! कशी काय उतरली?" म्हणत त्यानं बॉनेट उघडलं. आयसोलेटरच्या दोन्ही बोल्टांवर आडवी एक वायर आवळलेली. डबी असून नसल्यासारखी. मशीननं दोन्ही बॅटऱ्या मिळून पिऊन टाकल्या होत्या.

अण्णा म्हणाला, "मीच जोडली. आप्पांना जास्त येळ मिळावा म्हणून."

धाकट्यानं वायर हिसकून काढली आणि हातातला पाना सरळ अण्णाच्या कपाळावर घातला. रक्ताची चिळकांडी काचेवर उडाली. अण्णा मागं सरला न्हाय. त्यानं धाकट्याचं मानगूट धरून तोंड मडगार्डावर आपटलं, एकदा, दोनदा. धाकट्याचा हात आधाराला बॉनेटखाली गेला आणि अण्णानं वरनं बॉनेट आदळलं. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. धाकटा जनावरासारखा हंबरला, आणि तसाच दुसऱ्या हातानं अण्णाच्या डोळ्यात बोटं घालायला लागला. "तू आप्पाला मारलंस!" "तू मारलंस! तुझी ती डबी!"

एवढ्यात पीप पीप थांबलं. मशीनची घुरघुरबी थांबली.

आप्पांचं तोंड मासळीवाणी उघडमीट करत होतं. ओठ जांभळे. पोटच्या पोरांकडं ते काचेतनं बघत होते, आणि त्या दोघांना भान न्हाय. माझ्या डोक्यात जाळ झाला. सीटखालची जॅकची टॉमी उपसली आणि अण्णाच्या पाठीत घातली, फिरून धाकट्याच्या नडगीवर घातली. "मुडद्यांनो! बाप मरतोय तिकडं! एकमेकाला मागनं खावा, आधी गाडी ढकला!"

अंगणाला पाणंदीकडं उतार हाय. पण ढकलायला तिघं पायजेत, आणि एकाच्या डोळ्यात रक्त, दुसऱ्याचा हात लोंबतोय. मग क्लच सोडायला कोण? मी वळून बघते तर आप्पा गिअरच्या दांड्यावरनं पाय ओढत स्वतःच ड्रायव्हरच्या जागेवर सरकत होते. किल्ली फिरवली, क्लच दाबला, गिअर टाकला. बोलायला श्वास न्हाय, म्हणून नुसती मान हलवली.

आमी खांदे लावले. चिखलात पाय सटकत होते, मी रडत होते आणि शिव्या देत होते. जीप हलली, उताराला लागली. आप्पांनी क्लच सोडला. गाडीनं हिसका खाल्ला, काळा धूर सोडला आणि इंजन चालू झालं.

मी मागचा दांडा धरून आत उडी मारली, इन्व्हर्टर बंद करून परत चालू केला, मशीन घुरघुरलं. नळी आप्पांच्या नाकात नीट बसवली. मागनं दोघं धावत होते, "आप्पा, थांबा! आमाला घ्या!"

बॅटऱ्यांत काय न्हाय, इंजन बंद पडलं तर संपलंच. मी म्हणणार होते, थांबू नका. म्हणायची पाळीच आली न्हाय. आप्पांनी आरशात एकदा बघितलं आणि ॲक्सिलरेटर दाबला. सगळी पाणंद, पुढं डांबरी, थेट निपाणीच्या दवाखान्याच्या दारापर्यंत ते एकदाबी मागं वळले न्हाईत. दारात गाडी थांबली तेव्हा त्यांची बोटं स्टिअरिंगवरनं एकेक करून मी सोडवली.

संध्याकाळी डॉक्टर आले. तोवर दोघं भाऊ कुणाच्या तरी मोटारसायकलीवरनं येऊन दारात उभे होते, कपाळाला टाके, हाताला प्लास्टर. डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, घरी तुमचं बघायला कोण कोण आहे?"

आप्पांनी मास्क बाजूला केला. "ही पोरगी हाय."

"अजून?"

आप्पांनी दाराकडं बघितलं. दोघांना नीट बघितलं. "अजून कोण न्हाय," म्हणाले, आणि मास्क परत तोंडावर ओढला.

अण्णा तिथंच फरशीवर बसला आणि हुंदके द्यायला लागला. धाकटा भिंतीकडं तोंड करून उभा. खोटं कशाला बोलू, जवळ जावंसं वाटलं, माझेच भाऊ ते. पण आप्पांना त्या रडण्यानं धाप लागायला लागली होती. मी उठले आणि दार लावून घेतलं.