हबीबभाऊंच्या लाल फुल्या

नवं कॅलेंडर आलं की हबीबभाऊ ते भिंतीला टांगण्याआधी मांडीवर घेत आणि लाल पेन्सिलीनं फुल्या मारत. ऑडिटची मुदत, धानकापणी, मार्कंड्याची जत्रा, सोयऱ्यांची लग्नं. उरलेल्या कोऱ्या चौकोनांवर बोट ठेवून म्हणत, "एवढेच दिवस आपले."

चंद्रपूरला ज्या सीएंकडे मी आर्टिकलशिप केली, त्यांचे हे जुने कारकून. एके काळी स्वतःही सीएच्या परीक्षेला बसले होते. बसले म्हणजे, पेपरच्याच पहाटे मूल गावाहून नागपूरच्या एसटीत बसले. गाडी जंगलात बंद पडली, पेपर हुकला, आणि पुन्हा फॉर्म काही त्यांनी भरला नाही.

मी सीएच्या शेवटच्या ग्रुपात दोनदा आपटले होते, दोन्ही वेळा नोव्हेंबरात. परीक्षा मे महिन्यातही व्हायची, पण त्या उन्हात चंद्रपुरात डोकं चालत नाही, म्हणून आम्ही सगळे नोव्हेंबरच धरायचो. पण ऑक्टोबरभर ऑडिट, त्यातच आरमोरीला घरचं धान. पुस्तक उघडेपर्यंत पेपर दारात. बाबांनी बजावलं होतं, या खेपेला नाही झालं तर घरी यायचं. तरी मी पुन्हा नोव्हेंबरच म्हणाले आणि हबीबभाऊ चिडले.

"तू अभ्यासात नाई, तारखेत नापास होऊन राह्यली. मेचा फॉर्म भर."

"एवढ्या उन्हात?"

"उन्हाले खिडकीत वाळ्याची ताटी लावता येते. धानाले काय लावशीन?"

पेपरच्या दोन दिवस आधी ते मला नागपूरला आपल्या बहिणीकडे घेऊन गेले. केंद्रापर्यंतची वाट पायी चालून दाखवली. उन्हाची लू लागू नये म्हणून रोज हातात कांदा द्यायचे. पहिल्या पेपराची घंटा झाली तेव्हा मी वळून पाहिलं. ते फाटक धरून उभे होते. स्वतःच्या पेपराला त्या फाटकापर्यंत ते कधी पोचलेच नव्हते.

मी पास झाले. पुढं त्यांच्या मुलीच्या, शबानाच्या लग्नात तिची आई, म्हणजे आमच्या भाभी, मला वाढताना सहज बोलून गेल्या, "मुलाकडचे मेमधलीच तारीख मागत होते. हे म्हनले, नाई जमत, तेव्हा आमच्या घरी पेपर हाये." कॅलेंडरावर मेमधली एक फुली खोडलेली मी पाहिली होती. मला वाटलं होतं, ऑडिटची असेल.

हबीबभाऊंना जाऊन बरीच वर्षं झाली. आता कॅलेंडर माझ्या मांडीवर असतं. पहिल्या फुल्या ऑफिसातल्या मुलींच्या पेपरांच्या. त्या दिवसांत कुणी घरचं लग्नकार्य काढलं, की मी सांगते, "नाही जमत. तेव्हा आमच्या घरी पेपर आहे."