टपालवाल्याच्या मागोमाग

आमची ताई भूगोल शिकवते आणि तिला दिशा कळत नाहीत. हे मी चेष्टेनं नाही, वैतागून सांगते. दवाखान्यात तपासून झालं की ती बाहेर पडायला म्हणून औषधांच्या कपाटाचं दार उघडते.

यंदा शाळेत डिजिटल नकाशे आले. मोठ्या बाईंनी तिला स्पष्टच सांगितलं, "एक धडा पडद्यावर घेऊन दाखवा. नाही जमलं तर भूगोल कवायतीच्या सरांना देऊ." ताईच्या तोंडचं पाणी पळालं. अकरा वर्षं तिनं दुसरं काही शिकवलं नव्हतं, आणि दुसरं काही शिकवायला तिला आवडलंही नसतं.

तिनं धडा ठरवला, घर ते शाळा. निघताना मोबाइलवर नकाशा सुरू करायचा, की चाललेल्या वाटेची रेघ आपोआप उमटते. मुलांना नमुना म्हणून तिनं स्वतःचीही रेघ काढली.

धड्याच्या दिवशी मोठ्या बाई वही घेऊन मागच्या बाकावर बसल्या. पडद्यावर ताईची लाल रेघ आली. आमचं घर आणि शाळा पाठीला पाठ लावून, मध्ये फक्त एक बोळ. रेघ मात्र उलट्याच बाजूला निघाली, दिसेल त्या गल्लीत शिरून बाहेर आली आणि पाऊण तासानं शाळेत पोचली.

"बाई, तुम्ही रोज सगळ्यांच्या घरी जाता?" पुढच्या बाकावरच्या पोरीनं विचारलं.

ताईनं खरं सांगून टाकलं. नोकरीच्या पहिल्या दिवशी तिनं टपालवाल्याला शाळेचा रस्ता विचारला होता. तो म्हणाला, "या माझ्यामागून, तिकडेच चाललोय." तेव्हापासून ती त्याच वाटेनं जाते. मी तरी काय बोलू? शाळेची घंटा आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येते, आणि मी ती इतकी वर्षं दुसऱ्याच शाळेची समजत होते.

वर्ग हसून हसून लोळला. ताईला रडू यायच्या बेतात होतं. डोळे पुसून ती म्हणाली, "हसून झालं असेल तर मला जवळची वाट शोधून द्या."

सदतीस पोरं पडद्यावर तुटून पडली. कुणी अंतर मोजलं, कुणी बोळाचं दुसरं तोंड शोधलं, उत्तर कुठली यावरून दोघं हमरीतुमरीवर आले. घंटा झाली तरी कुणी जागचं हलेना. एरवी नकाशा काढला की याच पोरांना जांभया येतात.

मोठ्या बाईंनी वही मिटली. "भूगोल तुमच्याकडेच राहू दे," त्या म्हणाल्या.

ताईचा जीव भांड्यात पडला.

"फक्त सहलीला तुम्ही सगळ्यांच्या पुढे चालायचं नाही."